भोसले कुलाच्या वंशावळी : प्रमाणांचें तारतम्य

कोणत्याही राजकुलाची वंशावळ हातीं आली असतां संशोधकानें प्रथम दोन प्रश्न निराळे करावे. अमुक कुलाशीं नातें सांगण्याची चाल केव्हांपासूनची, हा एक. सांगितलेलें नातें खरें काय, हा दुसरा. भोसले कुलाच्या मूळाविषयीं जो दीर्घ वाद झाला, त्यांत हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले आणि एकाचें उत्तर दुसऱ्यास लावून दोन्ही पक्षांनीं आपापला जय मानला. म्हणून उपलब्ध प्रमाणांची येथें क्रमानें छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिसोदिया कुलाशीं नातें हें इ. स. 1674 च्या राज्याभिषेकासाठीं तयार करण्यांत आलें, हा एक पक्ष. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रामुळें तो विशेष प्रसिद्धीस आला. 1697 सालच्या सभासद बखरींत राज्याभिषेकप्रसंगीं वंशाचा शोध केल्याचें व उत्तरेकडून आलेल्या शिसोदे घराण्याचें वृत्त आहे, त्यावरून हा पक्ष सकृद्दर्शनीं बळकट दिसतो. परंतु वि. का. राजवाडे यांनीं 1922 सालीं छापलेल्या जयराम पिंड्ये याच्या राधामाधवविलासचंपूनें त्याचा पाया ढासळला. जयराम हा शहाजी राजांच्या पदरचा कवि. शहाजी राजे 1664 सालीं वारले. म्हणजे राज्याभिषेकाच्या पूर्वीं निदान दहा वर्षें हें नातें शहाजींच्या दरबारांत उघडपणें गाइलें जात होतें.

ह्या चंपूंतील एका मराठी पद्यांत ‘दलीप’ हें नांव येतें. संस्कृतज्ञ वाचकास तें पाहतांच रघूचा पिता दिलीप आठवेल, आणि सूर्यवंशाचें हें केवळ काव्यमय वर्णन असावें अशी शंका येईल. आम्हांसही प्रथम ती आली होती. पण पद्यांतील क्रम पाहतां ती टिकत नाहीं. कवि आधीं राण्याचें श्रेष्ठत्व सांगतो, त्याच्या कुळीं दलीप जन्मला म्हणतो, आणि त्याच कुळांत पुढें माल भूपाळ, म्हणजे मालोजी, झाला असें म्हणतो. राण्याच्या मागून आलेला दलीप हा पुराणांतील दिलीप होऊं शकत नाहीं. सारांश, नातें सांगण्याची चाल जुनी, हा पहिला प्रश्न येथें निकालांत निघाला.

दुसरा प्रश्न मात्र तसाच उरतो. दरबारी कवि धन्याचें कुल वर्णितो, तेव्हां त्यास उलट विचारणारा कोणी नसतो. शिवाय कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची साक्ष पहा. 1927 सालीं स. म. दिवेकरांनीं हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परमानंद हा गोदाप्रांतींच्या नेवाशाचा, आणि प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या आश्रयाचा. तो मालोजींस सूर्यवंशांत जन्मलेले म्हणतो. चितोडचें किंवा शिसोदियांचें नांव काढीत नाहीं. मौन म्हणजे नकार नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि बापाच्या कवीनें जें मुक्तकंठानें सांगितलें, त्यावर लेकाच्या कवीनें मौन धरावें, ही गोष्ट उभय पक्षांनीं विचारांत घेण्याजोगी आहे.

मुधोळच्या घोरपडे घराण्याचीं फारसी फर्मानें दत्तो विष्णु आपटे यांच्या 1934 च्या ग्रंथानें पुढें आलीं. त्यांच्या आधारें राणा दिलीपसिंहापासून उग्रसेनापर्यंतची मालिका लावितात. उग्रसेनाच्या कर्णसिंह व शुभकृष्ण ह्या दोन पुत्रांपासून अनुक्रमें घोरपडे व भोसले शाखा निघाल्या, असें मानितात. डॉ. बाळकृष्ण यांनीं हीं फर्मानें स्वीकारलीं, सरकारांनीं त्यांवर विश्वास ठेविला नाहीं. फर्मानांची भाषा व शिक्के यांची परीक्षा फारसीज्ञांनीं करावी. पण एक परीक्षा साध्या अंकगणिताची आहे. खेळणा किल्ल्याचा प्रसंग 1471 च्या सुमाराचा. त्या वेळीं शुभकृष्ण कर्ता पुरुष होता असें धरूं. प्रचलित यादींत त्याच्यापुढें रूपसिंह, भूमींद्र, ढोपाजी, बरहटजी, खेळोजी, परसोजी, बाबाजी, मालोजी व शहाजी अशा नऊ पिढ्या येतात. शहाजींचा जन्म 1594 चा मानितात. सव्वाशें वर्षांत नऊ पिढ्या म्हणजे पिढीस चौदा वर्षेंही पुरतीं पडत नाहींत! पिढीस पंचवीस वर्षें धरल्यास सव्वादोनशें वर्षें लागतील. तेव्हां भावाभावांचीं नांवें बापलेक म्हणून लागलीं असावीं, अथवा कांहीं नांवें मागाहून भरलीं असावीं. यादी जशीच्या तशी ग्राह्य नाहीं, एवढें निश्चित.

असा प्रकार आपल्याकडेच घडला असें नव्हे. इंग्लंडचा सातवा हेन्री 1485 सालीं लढाई जिंकून गादीवर बसला आणि वेल्सच्या प्राचीन राजांशीं नातें सांगूं लागला. 1486 सालीं जन्मलेल्या थोरल्या पुत्राचें नांवही त्यानें आर्थर ठेविलें. बादशहा पहिल्या मॅक्सिमिलियननें तर पंडित बसवून आपलें कुल ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत नेलें. याच्या उलट उदाहरण पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्याचें, ज्याची कन्या कॅथरिन हिच्या 1661 च्या विवाहकरारांत मुंबई बेट इंग्रजांस मिळालें. तिचा पिता चौथा जुआंव 1640 सालीं राजा झाला तो आजीच्या हक्कानें. ती आजी राजा मानुएल याची नात. हें नातें 1580 च्या वारसाच्या तंट्यांत स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसारख्या बलाढ्य प्रतिपक्षासमोर मांडलें गेलें होतें. प्रतिपक्षानें हक्क नाकारला; नातें नाकारतां आलें नाहीं.

आमच्या मतें तारतम्याचें सूत्र हेंच. ज्या वंशावळीस प्रतिवादी होता, ती आधीं मानावी. आपल्याकडे हें काम वतनाच्या तंट्यांनीं केलें आहे. गोतसभेपुढें करीना सांगतांना एक पिढी खोटी घातली, तर भाऊबंदच उठून बोलत; म्हणून महजरांतील चार पिढ्या प्रशस्तिकाव्यांतील चाळीसांहून मोलाच्या. भोसल्यांविषयींही हिंगणी बेरडी व देऊळगांव येथील पाटीलकीचा धागा धरून बाबाजींपासून खालीं येणारी परंपरा ही भक्कम भूमि होय. त्याच्या वर अनुमानाचा प्रांत लागतो. रा. चिं. ढेरे यांनीं शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या उपासनेवरून दक्षिणेकडील होयसळ-यादव संबंध सुचविला, तोही त्याच प्रांतांतला. मात्र कुलदैवताचा पुरावा कोणी मुद्दाम रचीत नाहीं, म्हणून तो अधिक विचारार्ह.

हें लिहिण्यास एक निमित्त घडलें. गेवराईकडील एका सद्गृहस्थांनीं आम्हांस घरची वंशावळ दाखविली. खालचीं दहा नांवें जुन्या मोडींत एका हातचीं. वरचीं दोन, राजकुलाशीं जोडणारीं, निराळ्या शाईंत व निराळ्या वळणाचीं. तो भेद न सांगतां ती छापावी, अशी त्यांची इच्छा होती. आम्हीं नम्रपणें नकार दिला, व ते रुष्ट झाले. पण त्या दहा नांवांचें मोल वरच्या दोहोंमुळें वाढत नाहीं, उलट तीं दहाही संशयांत येतात. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, नक्कल करतांना हात, शाई, कागद व खाडाखोड यांची नोंद ठेवावी, आणि तुटलेली कडी आपल्या पदरचें नांव घालून जोडूं नये. शिवछत्रपतींचें थोरपण चितोडच्या पुराव्यावर टांगलेलें नाहीं. तो पुरावा उद्यां पडला, तरी रायगड जागचा हलणार नाहीं.