ख्रिस्तपुराणातील तारणाची ग्वाही

“तुमचे तारण झाले आहे का?” असा प्रश्न आमच्या भाविकांना कधी रेल्वेच्या डब्यात, कधी इस्पितळात, तर कधी लग्नघरीसुद्धा विचारला जातो. उत्तर देताना पुष्कळजण अडखळतात. त्या अडखळण्यात आम्हांस अश्रद्धा दिसत नाही. देवाच्या दयेविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु स्वतःची दुर्बलता ठाऊक असताना, खास प्रकटीकरणावाचून ‘मी तरलोच’ असे छातीठोकपणे म्हणू नये, असे ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ साली शिकविले. मग भाविकाने भरवसा ठेवायचा तो कशावर? याचा उलगडा आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात जितका झाला, तितका सेमिनरीतील जाडजूड ग्रंथांत झाला नव्हता.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले ते सुखाचे घर सोडून नव्हे. त्यांच्या इंग्लंडात कॅथलिक असणे धोक्याचे होते. त्यांचे सोबती थॉमस पाउंड यांची सुमारे तीस वर्षे तेथील तुरुंगांत गेली. इकडे साष्टीतही १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. अशा काळात लिहिणाऱ्याच्या वाणीत भय किंवा आवेश उतरला असता तर नवल नव्हते. पुराणाची चाल मात्र संथ आहे, आणि आमच्या मते त्याचे सारे मर्म या संथपणात आहे.

ग्रंथाच्या एकूण १०,९६२ ओव्यांपैकी ४,१८१ ओव्या पहिल्या पुराणात खर्ची पडल्या आहेत, आणि त्यात प्रभू येशूचा जन्म अजून व्हायचाच आहे! आदामाचे पतन, जलप्रलय, आब्राहामास दिलेले वचन, दावीद, संदेष्टे: श्रोत्याला इस्राएलाबरोबर वाट पाहावी लागते. घाईच्या वाचकाला हा भाग रटाळ वाटतो, असे आम्ही अनेकदा ऐकले आहे. पण तो गाळून थेट गोठ्याकडे धावणाऱ्याला वचन आणि वचनपूर्ती यांमधले अंतर कळणार नाही. माणूस पुनःपुन्हा चुकतो, देव शब्द मागे घेत नाही. तारणाची ग्वाही असते ती या न मोडलेल्या शब्दाची. आपल्या मनाला आज किती उभारी वाटते, यावर ती अवलंबून नसते.

नवख्रिस्ती लोकांना केवळ ‘दोत्रिन’ पुरेशी वाटत नाही, त्यांना पुराण हवे आहे, ही मागणी ग्रंथात एक ब्राह्मणच पाद्रीगुरूकडे करतो. स्वर्गाला कवी वैकुंठ म्हणतो. ओळखीच्या शब्दात आलेले आश्वासन परके वाटत नाही, हे त्याने नेमके हेरले होते. मूर्तिपूजेवरील त्याचे प्रहार मात्र आज आमच्याने समर्थनपूर्वक वाचवत नाहीत. शेजाऱ्याच्या देवघराविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा ख्रिस्ती माणूस तसे बोलणार नाही.

१६१६ साली रायतूर येथे निघालेल्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत आणि भाविकांच्या मुखी. टिपू सुलतानाच्या बंदिवासात, १७८४ ते १७९९ या वर्षांत, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी याच ओव्यांवर दिवस काढले, असे परंपरा सांगते. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली ग्रंथ छापला तोही मंगळुरात. जुन्या मराठीची धास्ती वाटणाऱ्यांनी फादर नेल्सन फलकाव यांचे आजच्या मराठीतील गद्य रूपांतर हाती घ्यावे, मात्र आरंभ पहिल्या पुराणापासूनच करावा.