लोणारचे विवर आणि एक सोयीचे स्पष्टीकरण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी एक वाक्य अजूनही कानावर येते: ‘पृथ्वीच्या गाभ्यातील लाव्हारस वर आला, ज्वालामुखी झाला आणि त्याच्या तोंडात पाणी साठले.’ वाक्य सुटसुटीत आहे. मात्र त्याचे तीन दुवे आम्ही तपासू लागलो, तर तिन्ही निसटतात.

पहिला दुवा गाभ्याचा. गाभा सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो व तो मुख्यतः लोह-निकेलचा आहे. बेसॉल्टचा शिलारस येतो तो त्यावरच्या प्रावरणातून. आणि प्रावरण तर घन असते! मग ते वितळते कसे? कुकर आठवा. दाबाखाली १२० अंशांचे पाणीही उकळत नाही. दाब उतरला की जास्तीची उष्णता न देताही उकळते. तसाच तप्त खडक वर सरकताना दाब घटतो, त्याचा वितळणबिंदू उतरतो व खडक वितळू लागतो.

दुसरा दुवा ‘वर आला’ हा. प्रावरणाचा खडक जसाच्या तसा वर येत नाही. त्याचा थोडाच अंश वितळतो. प्रावरणात मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे ३८ टक्के, तर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये साधारण ६ टक्के असते. बरेचसे मॅग्नेशियम न वितळलेल्या खनिजांत मागे राहते. आणखी काही वाटेत ऑलिव्हिनचे स्फटिक वेगळे झाल्याने कमी होते. काळ्या कातळाचा हा खरा रासायनिक इतिहास त्या एका वाक्यात हरवतो.

तिसरा दुवा सर्वांत कच्चा. येथील बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने सुमारे ५.७ लाख वर्षे येते. कोणतेही धरले, तरी मधे सहा कोटींहून अधिक वर्षे उरतातच.

जुन्या अभ्यासकांना हसण्याचे मात्र कारण नाही. चहूकडे ज्वालामुखीचाच खडक असताना तसा तर्क स्वाभाविक होता. १८९६ साली गिल्बर्ट यांनी लोणारचे ॲरिझोनातील विवराशी साम्य दाखवले. पण ते विवरही त्यांना वाफेच्या स्फोटाचे वाटले. आज दोन्ही अशनीपाताची मानली जातात. केवळ आकारावरून निवाडा होत नाही, तो असा. लोणारपुरता तो १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांच्या संशोधनाने झाला. विवराच्या तळातील वेधनछिद्रांतून मॅस्केलिनाइट मिळाले. प्रचंड आघाताने फेल्डस्पारची काच झाली की हा पदार्थ बनतो. ज्वालामुखीतून तो बनत नाही.

‘खडक कसा झाला?’ आणि ‘खड्डा कसा झाला?’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे, हाच त्या वाक्याचा मूळ दोष. लोणारची सहल काढण्यापूर्वी हे दोन प्रश्न फळ्यावर वेगवेगळे लिहावेत, आणि प्रत्येकाखाली पुरावा काय, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे, अशी आमची शिक्षकांना सूचना आहे.