दहावीचा इतिहास आणि करंजाची खाडी

दहावीचे इतिहासाचे पुस्तक आपल्या घरांतून मोठी माणसे क्वचितच वाचतात. गुण किती पडले, एवढेच विचारतात. पण पाठ्यपुस्तक मंडळाने 2018 साली आणलेले हे पुस्तक साहित्याच्या वाचकानेही एकदा हाती घ्यावे असे आहे. यात राजांची वंशावळ नाही की लढायांची जंत्री नाही. पहिले दोन पाठ इतिहास कसा लिहिला जातो यावर आहेत. रांके, मार्क्स, फुको येतात. कल्हण, जियाउद्दीन बरनी, अबुल फजल येतात. पुढे राजवाडे, कोसंबी, रणजित गुहा आणि ताराबाई शिंदेही भेटतात. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, असे पंधरा वर्षांच्या मुलाला विचारायला शिकवणारे पुस्तक मराठीत आले, याचे आम्हांला अप्रूप आहे.

अडचण पुढे आहे. स्वाध्याय उघडला की ही सारी मंडळी रिकाम्या जागेत जाऊन बसतात. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तर व्हॉल्तेअर. योग्य पर्याय निवडा, संकल्पनाचित्र पूर्ण करा. शंका घ्यायची पद्धत शिकवायची आणि परीक्षेत पाठांतर तपासायचे, असा हा प्रकार. शिवाय हा मुलगा सातवीतून आलेला असतो. 2017 च्या सातवीच्या पुस्तकात मुघल काळ फारच आटोपला गेला, त्यावर तेव्हा बरीच चर्चाही झाली. संत आणि सुफी यांच्या समन्वयाचा पाठ त्यात आहे, हे मान्य. पण मुलाच्या मनात राहते ती दोन छावण्यांची गोष्ट. दहावीच्या पद्धतीने सातवीची गोष्ट तपासून पाहा, असे त्याला कोणी सांगत नाही.

तपासायला दूर जायला नको. उरणजवळचे करंजा घ्या. हा सारा मुलूख पूर्वी पनवेल तालुक्यातच होता. करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे रेवस दिसते. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा करंजा पोर्तुगीजांकडे होते. मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरीला वेढा घातला. 18 ऑक्टोबरला मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेले. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती पडले, ‘रिव्हेंज’ टिकून राहिले, आणि मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीत परतली, म्हणजे याच रेवस-करंजाच्या मुखातून आत. आरमाराचा सरदार होता दौलतखान. पुढे इंग्रजांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला आणि जानेवारी 1680 मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली.

आता दोन छावण्या कशा पाडायच्या? एका बाजूला मराठ्यांचा मुसलमान सरदार, दुसऱ्या बाजूला मुघलांचा मुसलमान सरदार, त्याच्या जोडीला ख्रिस्ती कंपनी, आणि शेजारी दुसरी ख्रिस्ती सत्ता करंजा धरून बसलेली. खाडी, बंदर, जकात आणि चाकरी यांचा हिशेब लावल्यावाचून हे चित्र उलगडत नाही. एक उतारा आणि चार प्रश्न एवढ्यावर हा पाठ वर्गात उभा राहिला असता.

पण ही कसोटी आपल्यालाही लावावी लागेल. आपल्या सभांतून महाराजांच्या मुसलमान साथीदारांची यादी वाचली जाते. तीत दौलतखान असतो, काझी हैदर असतो आणि आग्ऱ्याच्या सुटकेतला मदारी मेहतरही असतो. पहिल्या दोघांना कागदांचा भक्कम आधार आहे. मदारी मेहतर समकालीन कागदांत सापडत नाही, तो नंतरच्या परंपरेतून आला आहे. यादी लांबवण्यासाठी त्याला दौलतखानाच्या पंक्तीला बसवले, की दौलतखानाचीही किंमत कमी होते. सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद मराठीत आणले, ते या कामासाठी आपण किती वापरले? आपल्या मुलांना फारसी सोडाच, मोडीसुद्धा येत नाही, आणि वाद मात्र आपण कागदाशिवाय घालतो.

खांदेरीच्या त्या दिवसाची तपशीलवार हकीकत आज आपण वाचतो ती मुख्यतः मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून. आपल्या गलबतांचे काय झाले हे त्यांनी वरिष्ठांना कळवायचे होते. तेव्हा काय फुगवले आणि काय झाकले, हे त्या पत्रांनाच विचारावे लागते. दौलतखानाची बाजू त्या पत्रांत शत्रूच्या नजरेतूनच उतरलेली आहे.