राजा विकला जातो, दुर्री मागे राहते

सावंतवाडीच्या गंजिफेला आज काय नाही? भौगोलिक मानांकन आहे, राजवाड्यात मांडी घालून रंगवणारे कारागीर आहेत, गोव्याला जाता-येता वाट वाकडी करून येणारे पर्यटक आहेत. खेळणारे तेवढे नाहीत. पत्त्यांची कला पत्ते खेळणाऱ्यांवाचून जगते तेव्हा तिच्या चित्रांचे काय होते, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दीत कुणी फारसा विचारत नाही. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. त्या जुन्या, अखंड रत्नागिरीच्या कारागिरीत गंजिफेइतकी अवघड आणि गंजिफेइतकी अर्धवट पाहिली गेलेली कला दुसरी नसेल.

इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाऊ. बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळातल्या खेळाचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने असत. तिचे हिंदू रूप म्हणजे दशावतारी गंजिफा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण 120. सावंतवाडीत तिला बहर आला तो अठराव्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या अमदानीत, असे परंपरा सांगते. रंगवणारे चितारी. त्यांची चितारआळी आजही गावात आहे आणि लाकडी खेळण्यांसाठी तिचे नाव सर्वदूर आहे.

आता 120 पानांचा हिशेब मांडू. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा संख्येची पाने. म्हणजे दहा राजे, दहा प्रधान आणि उरलेली शंभर पाने संख्येची. सहातल्या पाच पानांवर देव नाही; मासे आहेत, कासवे आहेत, परशू आहेत, बाण आहेत. गंजिफेवरच्या लेखांत आणि छायाचित्रांत मात्र बहुतेक वेळा राजाच दिसतो. घोड्यावरचा कल्की, सिंहमुखी नृसिंह, आणि नवव्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठल किंवा जगन्नाथ काढण्याची मराठी मुलखातली जुनी रीत, हे सगळे पाहण्यासारखेच आहे. पण राजा रंगवणे हे चित्रकाराचे काम झाले. गंजिफाकाराची खरी परीक्षा सत्ती-अठ्ठीत असते.

का, ते खेळ समजल्याशिवाय कळत नाही. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. हुकूम नाही. दिवसा डाव बसला तर रामाचा राजा हाती असणारा उतारी करतो, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्यांत याच्या उलट. म्हणजे पानावरचा आकडा नुसता वाचून भागत नाही, तो कोणत्या रंगात आहे हेही त्याच क्षणी कळावे लागते. पाने गोल, हातात पंख्यासारखी धरलेली, प्रत्येकाची जेमतेम कड दिसणारी. म्हणून आधी जमिनीचा रंग डोळ्यांत भरला पाहिजे, मग खूण, मग संख्या. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे इंग्रजी पत्त्यासारखा कोपऱ्यात आकडा टाकून मोकळे होता येत नाही. सात मासे वर्तुळात असे बसवायचे की ते सहा वाटू नयेत, आठही वाटू नयेत, आणि पान सुनेही दिसू नये. हे कोडे प्रत्येक रंगात दहा वेळा सोडवायचे.

हे कोडे बाजारी गंजिफेने दरबारीपेक्षा सरस सोडवले, असे माझे मत आहे. दरबारी कलमात नक्षीदार किनार, बारीक रेघ, भरगच्च पोशाख. बाजारी कलमात वेळ कमी आणि दामही कमी, म्हणून मासा दोन-तीन फटकाऱ्यांत संपतो, कासवाचा ठिपका होतो, बाणाची नुसती रेघ उरते. घाईने काढलेली ही खूण लांबूनही ओळखता येते. संग्राहकांच्या बोलण्यात मात्र ‘बाजारी’ हा शब्द उतरत्या भाजणीचा ठरला.

संग्राहकांचे ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातल्या गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या. 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा ग्रंथ काढला. इकडे सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या उतरवून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. नाही तर युरोपातल्या छापील, स्वस्त पत्त्यांनी जे आरंभले होते ते पुरे झाले असते. पण संग्रहाची नजर निवड करते. काचेच्या कपाटात दहा पाने मावत असतील तर ती दहा राजांचीच असतात.

पत्ते जमवणाऱ्यांचे हे वागणे जगभर सारखेच. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची छोटी रंगीत चित्रे येत. 1909 ते 1911 मधल्या ‘टी-206’ या मालिकेतले होनस वॅग्नरचे एक पान 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरना गेले. ते पान फार थोडे छापले गेले म्हणून ही किंमत. चित्र म्हणून त्याच मालिकेतली कितीतरी पाने त्याच्या तोडीची आहेत. रचनेचे दर्दी कूपने देऊन मिळणाऱ्या ‘टर्की रेड’च्या मोठ्या पानांकडे किंवा 1911 च्या सोनेरी किनारीच्या मालिकेकडे वळतात. मात्र ती चित्रे पहिल्यापासून जमवण्यासाठीच होती. त्यांच्यावर कुणाला डाव मांडायचा नव्हता, म्हणून संग्राहकाच्या आवडीने त्यांचे काही बिघडले नाही. गंजिफेचे बिघडते.

आजचे काम जवळून पाहिले तर ते जाणवते. राजांचे चेहरे सुबक, दागिने नेमके, किनार रेखीव. चिंध्यांवर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर चढवून, घोटून, लाखेने चकाकवलेल्या जुन्या पानाची जागा बहुधा पुठ्ठ्याने आणि बाजारातल्या तयार रंगांनी घेतली आहे. तेही समजण्यासारखे आहे. खटकतात ती संख्येची पाने. पंज्यातला मासा आणि नव्वीतला मासा एकाच मापाचा. जागा कमी झाली तरी आकार बदलत नाही, जागा वाढली तरी रेघ मोकळी होत नाही. खुणांवर राजाइतकेच बारकावे चढवले आहेत, त्यामुळे नजर संख्येवर ठरत नाही, नक्षीत अडकते. चौकटीत दहा अवतार लावून विकणे सोपे आणि बावन्न पानांचा संच गंजिफेच्या वेशात नटवणे त्याहून सोपे. यातून घर चालते, म्हणून कारागिराला बोल लावण्यात अर्थ नाही. मागणी जिथे असेल तिथे हात चालतो.

मग मागणी बदलावी लागेल, आणि ती बदलता येण्यासारखी आहे. दक्षिण कोकणात दशावतारी नाटके अजून रात्र-रात्र रंगतात. संकासुराने वेद पळवले आणि मासा होऊन ते कुणी परत आणले, हे तिथल्या पोराला सांगावे लागत नाही. परशुराम तर या भूमीचा घरचा देव. दहा रंग ओळखणारा खेळाडू शोधायला लांब जायला नको. हवा आहे तो परवडणारा, साधा, बाजारी कलमाचा 120 पानांचा पुरा संच, सोबत मराठीत छापलेले नियम, आणि शाळांत नि जत्रांत भरणारे डाव. मानांकनाने नावाची नक्कल थांबेल. माशाची सत्ती चुकली हे कारागिराला सांगायला मात्र डाव हरलेला माणूसच लागतो, आणि त्याची तक्रार कोणत्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा चितारआळीत लवकर ऐकली जाईल.