बाभळीची दोन छायाचित्रं

सरळसोट खोड, वर निमुळता होत गेलेला शेंडा आणि शेंड्यावर एखादा शिकारी पक्षी, हे दृश्य आपण हिमालयातल्या चीड-देवदारांच्या छायाचित्रांत पाहतो. तसा बांधा सोलापूरच्या उन्हातही आहे. मोडनिंबच्या शिवारात बांधावरची रामकाठी बाभूळ पाहावी. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडाला बिलगून वर चढतात. लांबून सरूच वाटावा. सावली बेताची, पिकाला जाच कमी, म्हणून शेतकरी तिच्यावर कुऱ्हाड चालवत नाही. सोलापूर म्हटलं की कॅमेरे 1979च्या नान्नज अभयारण्याकडे, माळढोक आणि काळविटांकडे वळतात. बांधावरची बाभूळ वाटेतच मागे पडते. माझ्या एका छायाचित्रकार मित्राने मात्र या बाभळींचाच ध्यास घेतला. त्याची दोन छायाचित्रं मला फार मोलाची वाटतात.

पहिलं रामकाठीचं. चौकट उभी, झाड तळापासून शेंड्यापर्यंत अख्खं, आणि शेंड्यावर कापशी घार, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. एवढा देखणा पक्षी समोर असताना लांब पल्ल्याची लेन्स लावून चौकट भरून टाकायचा मोह कुणालाही होईल. त्याने तो आवरला, म्हणूनच कापशीने हाच शेंडा का निवडला ते कळतं: खालचं सगळं रान, उंदरांच्या वाटांसकट, तिच्या नजरेच्या टप्प्यात आहे. पांढरा पक्षी आणि उजळ आकाश असलं की कॅमेरा बिचकतो, चित्र काळवंडतं आणि पांढऱ्याचं राखाडी होतं. इथे प्रकाश जाणून थोडा वाढवलेला आहे. छातीचा शुभ्रपणा शाबूत, खांद्यावरचा काळा डाग ठसठशीत, आणि डोळ्याचा लाल ठिपका एवढ्या लहान आकारातही जिवंत!

आता नजर खाली आणा. ऊन मागून येतंय, त्यामुळे बाभळीचे लांब पांढरे काटे एकेक करून उजळलेत. त्यांतल्या एकावर नाकतोडा खोचलेला आहे. हे खाटीक पक्ष्याचं काम; शिकार काट्याला टोचून ठेवायची त्याची रीतच आहे. खाटीक स्वतः चित्रात कुठेच नाही, पण आहे! शेंड्यावरची कापशी आणि खालचा हा काटा, दोन्ही सारखेच रेखीव यावेत म्हणून लेन्सचं छिद्र बारीक ठेवलंय. ते मोठं ठेवलं असतं तर पक्षी मिळाला असता, झाडावरचा हा दुसरा संसार धूसर झाला असता.

दुसरं छायाचित्र विहिरीवर झुकलेल्या साध्या बाभळीचं. खोपा टांगायला सुगरण पक्ष्याला लोंबती डहाळी हवी, आणि खाली पाणी असलं तर उत्तमच. नैऋत्येचा पावसाळी वारा चुकवायला खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडे असतात. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन थेट त्यांच्यावर. हे ठाऊक असलेला माणूसच त्या वेळी तिथे उभा राहील.

रंगांकडे नीट पाहा. नर उसाच्या पात्याला चोचीने खाच पाडतो आणि धांदोटी ओढून नेतो, म्हणून नवा खोपा हिरवा असतो. तो वाळत तपकिरी होतो. चित्रात काही तपकिरी खोपे नळीसकट पुरे झालेले आहेत. काही तपकिरी, पण अर्धेच. ते मादीने नाकारलेले. नर अर्ध्यापर्यंत विणतो, मादी पारखून घेते, तिला पटलं तरच तो पुढचं काम करतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला हे बारकाईने पाहून लिहून ठेवलं. इथे ते सगळं एका डहाळीवर, रंगांच्या छटांतून वाचता येतं.

आणि मधोमध एक हिरवा, अर्धा खोपा. तो बरोबर बाजूने टिपलाय, त्यामुळे दोन तोंडांमधली पिळदार आडवी पट्टी दिसते. खालून टिपला असता तर ती हरवली असती. मादी त्या पट्टीवर टेकून आत डोकावते आहे. शेजारी पिवळ्या टोपीचा नर पंख फडफडवतोय. शटर मुद्दाम संथ ठेवल्याने त्याचे पंख फिकट पिवळसर धुरासारखे विरलेत, मादी मात्र स्थिर, पीस न् पीस स्पष्ट. पारखणारी कोण आणि आर्जव करणारा कोण, हे एका शटरच्या वेगाने सांगून टाकलंय.

ही छायाचित्रं मोबाइलवर पाहू नयेत. मोठ्या कागदावर, चांगल्या छपाईत पाहावीत. नाहीतर नाकतोडा हमखास निसटतो, आणि खोप्यांचे हिरवे-तपकिरी एकसारखेच दिसतात.