चाळीची गॅलरी आणि आपला शेजार

पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. विनोदी लेखनाचा उत्कृष्ट नमुना म्हणून ते मराठी घराघरांत वाचले गेले. अलीकडे आम्ही ते पुन्हा वाचले, तेव्हा हसता हसता एक गोष्ट ध्यानी आली. या पुस्तकात माणसांइतकेच काम ती इमारतही करते.

मुंबईच्या चाळीची रचना वाचकांच्या परिचयाची आहे. ओळीने खोल्या, पुढून जाणारी सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि संडास. खोली अपुरी, म्हणून दार दिवसभर उघडे. आणि दार उघडे, म्हणून घरातली गोष्ट गॅलरीत. पुलंचा विनोद या रचनेतूनच उगवतो. ‘उपास’ या प्रकरणात निवेदक वजन उतरवण्याचा संकल्प सोडतो आणि बघता बघता त्याचा आहार हा साऱ्या चाळीचा विषय होऊन बसतो. बंद दाराआडच्या घरात हा प्रसंग घडताच ना. भाडेकरूंच्या गच्चीसाठीच्या चळवळीत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन आहे खरे. परंतु त्या हास्याखाली कोंडलेल्या माणसांची मोकळ्या आकाशाची भूकही आहे.

अखेरच्या ‘एक चिंतन’मध्ये विनोद ओसरतो व सरत्या चाळजीवनाविषयीची हुरहूर उरते. ती वाचून अनेकांचा असा समज होतो की, जिव्हाळा चाळीच्या भिंतींतच होता आणि भिंतींबरोबर तोही गेला. आम्हांस हे पटत नाही. गॅलरीने माणसांना समोरासमोर आणले, एवढेच. त्याच गॅलरीत भांडणे झाली, चहाड्याही झाल्या. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणे, हे मात्र शेजाऱ्याने आपल्या मनाने केले. शिवाय नळावर ताटकळणाऱ्या स्त्रियांचे कष्ट आणि एकांताची उणीव ही या पुस्तकात विनोदाच्या कडेलाच राहतात, हे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आता स्वतःचा नळ, स्वतःचे न्हाणीघर. त्या माउल्यांनी जुन्या चाळीसाठी हळहळावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आपल्यापैकीही कित्येक कुटुंबे चाळीतून किंवा गावच्या ओटीवरून उठून सदनिकेत आली. शेजारी अनोळखी राहिला की आपण बंद दाराला आणि लिफ्टला दोष देतो. जागेचा परिणाम माणसावर होतो, यात शंका नाही. चाळीत भेट आपसूक घडे. आता त्यासाठी घंटी वाजवावी लागते. हा श्रम आपण का टाळतो, याचे उत्तर इमारतीकडे मागता येणार नाही. म्हणून हे पुस्तक वाचताना मनमुराद हसावे. आणि हसून झाल्यावर आपल्या मजल्यावर कोण राहते, त्यांचे कसे चालले आहे, याची एकदा विचारपूस करावी.