दोन पट, एक डाव

पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात डाव एक, पण पट दोन असतात, दोन दूरच्या घरांत मांडलेले. ते एकसारखे राहतात ते केवळ नोंदीच्या बळावर. वुडी ॲलन यांची ‘द गॉसेज-वार्डेबेडियन पेपर्स’ ही पत्ररूप विनोदी कथा (१९६६, पुढे १९७१ च्या ‘गेटिंग ईव्हन’ या संग्रहात समाविष्ट) नेमके येथेच बोट ठेवते. बाविसावी खेळी कळविणारे गॉसेज यांचे पत्र परत येते. त्यावर ना नाव-पत्ता, ना तिकीट. तोवर डाव बराच पुढे गेलेला. ती खेळी धरली जावी असा गॉसेज यांचा आग्रह, तर वार्डेबेडियन यांचा साफ नकार. दोघांचे पट कायमचे अलग होतात. भाषा मात्र अखेरपर्यंत सौजन्याची, आणि डंख त्या सौजन्यातच.

प्रत्यक्षात या खेळाची शिस्त कडक आहे. खेळाडू पत्रात प्रथम प्रतिस्पर्ध्याची खेळी पुन्हा लिहितो, मगच आपली. भाषेचा अडसर नको म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत घरांना आकडे दिलेले असतात: ५२५४ म्हणजे राजापुढील प्यादे दोन घरे पुढे. पत्र मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची तारीखही टिपावयाची, कारण टपालातले दिवस विचाराच्या वेळेत धरीत नाहीत. आपले म्हणणे मांडण्याआधी दुसऱ्याचे म्हणणे लिहून दाखविण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

आमच्या नोंदवह्यांचेही असेच आहे. विवाह अन्यत्र झाला, की त्याची सूचना स्नानसंस्काराच्या मूळ धर्मग्रामाकडे जाते व तेथील वहीत नोंदली जाते. ती चिठ्ठी वाटेत हरवली, तर चार मुलांचा बाप त्या वहीत अविवाहितच राहतो! पण तेथे कोणी आपल्याच वहीचा हट्ट धरीत नाही. चौकशीचे पत्र जाते.

कथेविषयी आमची एक तक्रार आहे. तिच्यातले दोघेही सारखेच लबाड. म्हणून हसू येते, पण काही गमावल्यासारखे वाटत नाही. त्यांतला एक जण प्रामाणिक असता, त्याच्या पटावरचा डाव खरोखरच जिंकत आलेला असता, तर हीच पत्रे वाचवली नसती.

शेवट मात्र अचूक आहे. दोघेही मात केल्याचे जाहीर करतात आणि स्क्रॅबलकडे वळतात, तेही पत्रानेच! वार्डेबेडियन सात अक्षरे स्वतःच काढतात, त्यांचा एक सबंध शब्द जुळवितात आणि गुणही स्वतःच मोजतात. ती अक्षरे खरोखर निघाली होती काय, हे पाहावयास तेथे दुसरे कोणी नसते.